धडधडीला लगाम: कुठे तारतो, कुठे मारतो

२२ मे १९९७ची पहाट. चार वाजून गेलेले. मे महिन्याचा उकाडा, त्यामुळे जबलपुरात कित्येक घरची माणसं गच्चीवर नाहीतर अंगणात निजलेली. तेवढ्यात जमीन हलली. ५.८ तीव्रतेचा भूकंप, आणि केंद्र शहरापासून जवळच, कोसमघाट गावाच्या आसपास. घरं पडली, माणसं गेली. ज्यांच्या अंगावर मातीचं ढेकूळही पडलं नाही, त्यांना आज विचारलं तरी सांगतील, की छाती धाडधाड उडत होती, हात कापत होते, जिभेला कोरड पडली होती आणि अंग घामानं निथळत होतं.

त्याच्या तीन वर्षं आधी, १७ जानेवारी १९९४ला, जवळपास त्याच प्रहरी लॉस एंजलिसजवळ नॉर्थरिजचा भूकंप झाला होता. तिथल्या शवचिकित्सेच्या नोंदी पुढे डॉक्टरांनी चाळल्या. हृदयविकारानं अचानक मृत्यू येण्याचं त्या भागातलं रोजचं सरासरी प्रमाण ४.६ होतं. भूकंपाच्या दिवशी ते २४ झालं. यातल्या फार थोड्यांनी श्रमाचं काम केलं होतं. बाकीचे निव्वळ हादऱ्यानं गेले. पुढचे सहा दिवस हे मृत्यू नेहमीपेक्षाही कमी झाले. म्हणजे ज्यांची हृदयं आधीच काठावर होती, त्यांना त्या पहाटेनं ओढून नेलं. ओढणारं रसायन बाहेरून आलेलं नव्हतं. ते त्यांच्याच शरीरात तयार झालेलं होतं.

या रसायनांच्या घराण्याला कॅटेकोलामिन म्हणतात. डोपामिन, नॉरॲड्रेनलिन आणि ॲड्रेनलिन हे त्यातले तिघे. डाळ, दूध, अंडी यांतून मिळणाऱ्या टायरोसिन या अमिनो आम्लापासून पायरीपायरीनं ते बनतात: आधी डोपा, मग डोपामिन, मग नॉरॲड्रेनलिन आणि शेवटी ॲड्रेनलिन. मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींचा गाभा ॲड्रेनलिन थेट रक्तात सोडतो. नॉरॲड्रेनलिन मुख्यतः चेतातंतूंच्या टोकांशी सुटतं. रक्तात यांचं आयुष्य दोन-तीन मिनिटांचं. तेवढ्या वेळात ते हृदयाचे ठोके वाढवतात, त्वचेच्या आणि आतड्यांच्या रक्तवाहिन्या आवळतात, श्वासनलिका मोकळ्या करतात आणि यकृतातली साखर रक्तात उतरवतात. वाघ समोर असेल तर यातलं एकेक काम मोलाचं आहे. इकडे मंडला-कान्ह्याच्या बाजूला ती शक्यता अगदीच पुस्तकी नाही म्हणा.

एकच रसायन एका ठिकाणी रक्तवाहिनी आवळतं आणि दुसऱ्या ठिकाणी सैल सोडतं, हे कोडं अमेरिकेतल्या जॉर्जियामधल्या रेमंड अल्क्विस्ट यांनी सोडवलं. पेशींवर या रसायनांचे दोन प्रकारचे ग्राहक असतात, अल्फा आणि बीटा, असं त्यांनी मांडलं. पहिल्या नियतकालिकानं तो निबंध परत पाठवला. १९४८ साली दुसरीकडे छापून आला आणि पुढची दहा वर्षं जवळपास धूळ खात पडला. बीटाचे पुढे दोन पोटप्रकार मानले गेले. ढोबळ हिशेब असा: अल्फा म्हणजे रक्तवाहिन्या आवळणं, बीटा-१ म्हणजे हृदयाचा वेग आणि जोर, बीटा-२ म्हणजे श्वासनलिका आणि स्नायूंतल्या रक्तवाहिन्या सैल करणं. पुढचं सगळं समजायला एवढं पुरे. आणि पुढे जे जे घोटाळे झाले, ते बहुतेक याच हिशेबाकडे दुर्लक्ष झाल्यानं झाले.

कॅटेकोलामिनना आवर घालण्याच्या आधुनिक वैद्यकातल्या सुरुवातीच्या मोठ्या प्रयोगांपैकी एक मुंबईत झाला, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेवरचा आपला अनुभव प्रसिद्ध केला. उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना या मुळीच्या गोळ्या देऊन रक्तदाब उतरतो, हे त्यांनी मोजून दाखवलं. तोवर जगाच्या हाताशी या रोगावर धड औषध नव्हतं. सिबा कंपनीच्या स्विस रसायनशास्त्रज्ञांनी १९५२मध्ये या मुळीतून रेसरपिन वेगळं काढलं, आणि १९५७मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. रेसरपिन कॅटेकोलामिनना अडवत नाही. चेतातंतूंच्या टोकांशी असलेला त्यांचा साठाच रिकामा करतं. साहजिकच ते मेंदूतलाही साठा उपसतं, आणि काही रुग्ण खोल उदासीनतेत जातात. म्हणून ते मागे पडलं. सर्पगंधा मात्र आमच्या मध्य प्रदेशच्या जंगलांतून इतकी उपसली गेली, की आता तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत.

रेसरपिननं आणखी एक दार उघडलं. स्वीडनच्या अर्विड कार्लसन यांनी ते देऊन सशांना निपचित पाडलं आणि मग डोपा टोचून त्यांना पुन्हा उभं केलं. डोपामिनचा तुटवडा म्हणजे कंपवात, ही समज त्यातून आली आणि २०००चं नोबेलही. गंमत अशी, की हाच डोपा मद्रासच्या दोन संशोधकांनी १९३७ सालीच एका वेलीच्या बियांतून वेगळा करून ठेवला होता. ती वेल म्हणजे खाजकुयली. रानात जिच्या शेंगेला हात लागला की माणूस दिवसभर खाजवत बसतो, तीच.

बीटा ग्राहक अडवणाऱ्या औषधांचा, म्हणजे बीटा-ब्लॉकरचा, जन्म मात्र स्कॉटलंडच्या जेम्स ब्लॅक यांच्या हट्टातून झाला. त्यांचे वडील मोटार अपघाताच्या धक्क्यानंतर हृदयविकाराच्या झटक्यानं गेले होते. हृदयशूळावर तेव्हाचे डॉक्टर हृदयाला रक्त जास्त कसं पोचेल एवढंच बघत. ब्लॅक यांनी प्रश्न उलटा केला: पुरवठा वाढत नसेल, तर हृदयाची मागणीच कमी केली तर? धूळ खात पडलेला अल्क्विस्ट यांचा सिद्धान्त त्यांनी हाती घेतला, आयसीआय कंपनीत जाऊन बीटा ग्राहक अडवणारी रसायनं शोधली. पहिल्या औषधानं उंदरांत गाठी झाल्या म्हणून ते टाकावं लागलं. दुसरं प्रोप्रानोलॉल. १९६५च्या सुमारास ते दवाखान्यात आलं. १९८८मध्ये ब्लॅक यांना नोबेल मिळालं. हृदयावर विशेष चालणारं ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, बायसोप्रोलॉल, आणि अल्फालाही थोडंसं अडवणारं कार्व्हेडिलॉल, ही सगळी मागाहूनची भावंडं.

यश एवढं दणदणीत होतं, की जिथे जिथे ॲड्रेनलिन उसळलेलं दिसेल तिथे तिथे बीटा-ब्लॉकर द्यावा, असं वाटणं स्वाभाविक होतं. ते किती चुकीचं ठरू शकतं, याचा सगळ्यात स्पष्ट धडा कोकणातल्या विंचवानं दिला.

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. जालना जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेला, नागपूरला डॉक्टरकी शिकलेला तरुण. भातकापणीच्या दिवसांत, पेंढ्याच्या गंजीत, कौलांखाली, सरपणाच्या ढिगात छोटा लाल विंचू असतो. मोठा काळा विंचू दिसायला भयंकर आणि त्याचा ठणकाही भारी, पण जीव घेतो तो हा छोटा लाल. रात्री एखादं आठ-दहा वर्षांचं पोर आणलं जायचं. आधी दोन-तीन उलट्या झालेल्या. घाम असा, की सदरा पिळून घ्यावा. तोंडातून लाळ. पुरुष रुग्णांत लिंगाला ताठरपणा. तळहात-तळपाय बर्फासारखे गार, नाडी जोरात आणि रक्तदाब चढलेला. काही तासांनी खोकला सुरू व्हायचा, दम लागायचा, आणि मग नाका-तोंडातून गुलाबी फेस. पहाटेपर्यंत खेळ आटोपलेला. त्या काळात कोकणात गंभीर दंशाच्या शंभर रुग्णांमागे पंचवीस-तीस जण दगावत.

तेव्हाचे उपचार म्हणजे ॲट्रोपिन, स्टिरॉइड, ॲलर्जीची इंजेक्शनं आणि गुंगीच्या औषधांचं एक मिश्रण. एकाचाही उपयोग नव्हता. काहींनी अपायच व्हायचा. बावस्कर रुग्णाच्या उशाशी बसून तासातासाला नाडी, रक्तदाब, हातापायांचा गारवा लिहून ठेवू लागले. उलटी, घाम, लाळ आणि गार हातपाय ही पुढच्या संकटाची आगाऊ सूचना आहे, हे त्यांचं निरीक्षण १९८२मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं. कारण स्पष्ट होत गेलं: विंचवाचं विष चेतातंतूंच्या टोकांवरचे सोडियमचे मार्ग उघडेच ठेवतं, आणि तिथला कॅटेकोलामिनचा साठा धो धो सुटत राहतो. इस्रायलच्या बीरशेबातल्या डॉक्टरांनीही विंचूदंशात कॅटेकोलामिन वाढलेले दाखवून ठेवले होते.

मग अडवायचं काय? धडधड दिसते आहे म्हणून बीटा अडवावं? इथेच मेख आहे. पोराला मारत असतो तो अल्फा. शरीरभरच्या धमन्या आवळल्या गेल्या आहेत. हृदयाला त्यांत रक्त ढकलायचं आहे. व्हॉल्व्ह बंद असलेल्या पाइपात पाण्याची मोटार लावावी तशी त्याची गत. अशा वेळी बीटा-ब्लॉकर दिला तर मोटारीचा जोर कमी होतो, स्नायूंतल्या ज्या थोड्या वाहिन्या बीटा-२मुळे सैल होत्या त्याही आवळतात, आणि व्हॉल्व्ह तसाच बंद राहतो. फुप्फुसांत पाणी आणखी वेगानं भरतं.

बावस्करांनी व्हॉल्व्ह उघडायचं ठरवलं. आधी नायट्रोप्रुसाइड वापरून पाहिलं, आणि ते लागू पडलं. पण ते थेंबाथेंबानं शिरेतून द्यायचं, सारखं डोळ्यांत तेल घालून बसायचं. खेड्यातल्या केंद्रात ते जमण्यासारखं नव्हतं. मग प्राझोसिन आलं. अल्फा-१ अडवणारी रक्तदाबाची साधी, स्वस्त, तोंडानं घ्यायची गोळी. याचा अनुभव त्यांनी १९८६मध्ये लॅन्सेटमध्ये मांडला. ती वेळेवर मिळू लागल्यावर मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्याही खाली आलं. पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह त्यांनी पुढे महाडमध्ये ७० रुग्णांवर रीतसर चाचणी घेतली: नुसतं प्राझोसिन, की प्राझोसिन आणि प्रतिविष दोन्ही? दोन्ही मिळालेले रुग्ण कितीतरी लवकर सावरले. २०११मध्ये ती बीएमजेमध्ये छापून आली. २०२२मध्ये बावस्करांना पद्मश्री मिळाली. माझ्या मते कॅटेकोलामिनचा आजार कसा वाचावा, याचं मराठी मुलखातलं यापेक्षा चांगलं पाठ्यपुस्तक नाही. आणि ते मोठ्या प्रयोगशाळेत नाही, कंदिलाच्या उजेडात लिहिलं गेलं.

हाच धडा शहरी रुग्णालयांना फिओक्रोमोसायटोमा नावाची गाठ शिकवते. ती अधिवृक्काच्या गाभ्यात होते आणि मनात येईल तेव्हा कॅटेकोलामिन सोडते. डोकं फुटेल असं दुखणं, धडधड, घाम, पांढराफटक चेहरा, मग सगळं शांत. ‘टेन्शन घेता तुम्ही’ असं ऐकून यातले काही रुग्ण वर्षानुवर्षं फिरतात. शस्त्रक्रियेआधी नियम ठरलेला आहे: आधी अल्फा अडवा, रक्तदाब ताब्यात आणा, मगच गरज पडली तर बीटा. क्रम उलटा केला तर रक्तदाब आभाळाला भिडतो. ही गाठ दुर्मीळ आहे, पण रक्तदाबाची गोळी सुरू केल्यावर रक्तदाब उलट वाढला असं एखाद्या तरुण रुग्णानं सांगितलं, तर ते हसण्यावारी नेऊ नये.

आता याच्या नेमकी उलट गोष्ट. दुबळं झालेलं हृदय.

हृदयाचं पंपिंग कमी झालं की शरीर घाबरतं आणि कॅटेकोलामिन सोडून त्याला चाबूक मारतं. अशा हृदयाला बीटा-ब्लॉकर देणं म्हणजे खून, असं १९७०च्या दशकात पुस्तकं सांगत. तरी १९७५मध्ये स्वीडनच्या गोथनबर्गमध्ये फिन वागस्टाइन आणि सहकाऱ्यांनी सात रुग्णांना ते देऊन पाहिलं. हळूहळू ते सुधारले. बहुतेकांनी विश्वास ठेवला नाही. पुरावे मात्र साठत गेले. निकामी होत चाललेल्या मानवी हृदयात बीटा ग्राहकांची संख्या निम्म्यावर येते, हे स्टॅनफर्डच्या मायकेल ब्रिस्टो यांनी १९८२मध्ये दाखवलं. सततच्या चाबकानं हृदय बधिर होतं. १९८४मध्ये जे कोन यांनी सांगितलं, की अशा रुग्णाच्या रक्तात नॉरॲड्रेनलिन जितकं जास्त तितकं आयुष्य कमी. उलट, हृदयाला आणखी जोर देणारी मिलरिनोनसारखी औषधं रोज दिली तर रुग्णांना चार दिवस हुशारी वाटते आणि ते लवकर मरतात, हे १९९१मध्ये कळलं. शेवटी १९९९मध्ये दोन मोठ्या चाचण्या आल्या. बायसोप्रोलॉलच्या चाचणीत २,६४७ रुग्ण होते; मृत्यू १७.३ टक्क्यांवरून ११.८ टक्क्यांवर आले. मेटोप्रोलॉलच्या चाचणीत ३,९९१ रुग्ण, मृत्यूत एक तृतीयांशाची घट. फायदा इतका उघड होता, की दोन्ही चाचण्या मध्येच थांबवाव्या लागल्या. पंचवीस वर्षांत विष अमृत झालं.

पण हे अमृत चमच्यानं नाही, थेंबानं पाजावं लागतं. कुठल्याही मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत हे बघायला मिळेल. रुग्णाच्या पायावर सूज असेल, आडवं झालं की दम लागत असेल, तर आधी लघवीच्या गोळीनं पाणी काढायचं. फुप्फुसं कोरडी झाल्यावर कार्व्हेडिलॉल ३.१२५ मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ जेवणासोबत. दोन आठवड्यांनी नाडी, रक्तदाब, वजन पाहून दुप्पट. पुन्हा दोन आठवडे. या काळात रुग्ण हमखास सांगतो, ‘डॉक्टरसाहेब, ही गोळी सुरू केल्यापासून जास्त गळून गेल्यासारखं होतंय.’ खरंच होतं तसं. फायदा दिसायला दोन-तीन महिने जातात. नेमक्या याच आठवड्यांत गोळ्या बंद करणारे किंवा दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊन ‘ताकदीचं’ सलाइन लावून घेणारे रुग्ण शेवटी हातचे जातात.

हृदयविकाराच्या झटक्यानंतरची कहाणी अजून चालू आहे. १९८१मध्ये अमेरिकेत ३,८३७ रुग्णांवरच्या चाचणीत प्रोप्रानोलॉलनं मृत्यू ९.८ टक्क्यांवरून ७.२ टक्क्यांवर आणले, आणि त्या दिवसापासून झटका आलेल्या प्रत्येकाच्या चिठ्ठीवर बीटा-ब्लॉकर आला. पण तो काळ अँजिओप्लास्टीच्या आधीचा होता. स्टेंट नव्हते, स्टॅटिन नव्हती, हृदयावर मोठे व्रण राहत आणि त्यांतून घातक अनियमित ठोके उठत. आज बंद धमनी तासाभरात उघडली, तर हृदयाचं नुकसान फारच थोडं होतं. मग गोळीची गरज उरते का? २००५मध्ये चीनमधल्या ४५,८५२ रुग्णांच्या चाचणीनं दाखवलं, की झटक्याच्या पहिल्याच दिवशी शिरेतून मेटोप्रोलॉल दिलं तर काही जण अनियमित ठोक्यांपासून वाचतात आणि जवळपास तेवढेच हृदय बंद पडून जातात. जिथे रक्तदाब मुळातच ढासळलेला आहे तिथे कॅटेकोलामिनच रुग्णाला उभं धरून ठेवत असतात. तो आधार काढून घेतला, की तो कोसळतो. २०२४च्या स्वीडनमधल्या चाचणीत पंपिंग चांगलं असलेल्या ५,०२० रुग्णांना या गोळीचा फायदा दिसला नाही. २०२५मध्ये स्पेन-इटलीच्या साडेआठ हजार रुग्णांच्या चाचणीतही दिसला नाही; त्याच सुमारास आलेल्या नॉर्वे-डेन्मार्कच्या चाचणीत थोडासा दिसला. सगळ्यांचे आकडे एकत्र पाहता पंपिंग ४० टक्क्यांच्या खाली असेल तर गोळी हवीच, ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये असेल तर बहुधा हवी, त्यावर असेल तर वाद आहे.

रक्तदाबाच्या उपचारात बीटा-ब्लॉकरची जागा याआधीच घसरली. २००२मध्ये लोसार्टनच्या तुलनेत ॲटेनोलॉल घेणाऱ्यांत पक्षाघात जास्त झाले. २००५मध्ये अम्लोडिपिनपुढेही ते फिकं पडलं. २००६मध्ये ब्रिटननं पहिल्या पसंतीच्या यादीतून बीटा-ब्लॉकर काढले. आपल्याकडे २०१७च्या अखेरीस मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रासह पाच राज्यांत रक्तदाब नियंत्रणाचा जो सरकारी उपक्रम सुरू झाला, त्यात पहिली गोळी अम्लोडिपिनची, पुढची टेल्मिसार्टनची. २०२२मध्ये केंद्र सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून ॲटेनोलॉल वगळलं गेलं. तरी घरोघरच्या डब्यांत वीस वर्षांपूर्वी लिहून दिलेली ॲटेनोलॉलची पट्टी अजून सापडते. ती एका रात्रीत कचऱ्यात टाकायची नाही, हे पुढे सांगतोच. गरोदर बाईचा रक्तदाब मात्र वेगळा. तिथे लॅबेटॅलॉल अजूनही पहिल्या फळीत आहे.

शस्त्रक्रियेचं प्रकरण सगळ्यात कडू. ऑपरेशनच्या ताणात कॅटेकोलामिन उसळतात, हृदयाला झटका येऊ शकतो, तर आधीच बीटा-ब्लॉकर द्या, असा सल्ला २०००च्या दशकात जगभर दिला जात होता. २००८मध्ये ८,३५१ रुग्णांच्या चाचणीत मेटोप्रोलॉलनं झटके कमी केले खरे, पण मृत्यू २.३ टक्क्यांवरून ३.१ टक्क्यांवर नेले आणि पक्षाघात दुप्पट केले. रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग झाल्यावर नाडी वाढणं हा शरीराचा बचाव असतो. तोच बांधून टाकला होता. ज्या डच अभ्यासांवर जुना सल्ला उभा होता, त्यांच्या प्रमुख संशोधकाला रॉटरडॅमच्या विद्यापीठानं २०११मध्ये गैरप्रकारांवरून काढून टाकलं. आधीपासून गोळी चालू असेल तर ती ऑपरेशनसाठी बंद करायची नाही. नसेल तर आयत्या वेळी सुरू करायची नाही. आजचा सल्ला एवढाच.

बाकीचे उपयोग भराभर सांगतो. थायरॉइड वाढल्यावरची धडधड आणि थरथर प्रोप्रानोलॉल काही तासांत आटोक्यात आणतं, मूळ औषधाला मात्र काही आठवडे लागतात. यकृत कडक झालेल्या रुग्णाच्या अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटू नयेत म्हणून ते देतात. ही वाट पॅरिसच्या दिदिए लब्रेक यांनी १९८१च्या सुमारास दाखवली. अर्धशिशी वारंवार येऊ नये म्हणून, हात थरथरण्याच्या आनुवंशिक विकारासाठी, आणि थेंबांच्या रूपात काचबिंदूसाठीही ही औषधं आहेत. तान्ह्या मुलांच्या चेहऱ्यावर रक्तवाहिन्यांची लाल गाठ वाढते, तिच्यावरचा उपयोग निव्वळ योगायोगानं सापडला. २००८मध्ये बोर्दोच्या डॉक्टरांनी लिहिलं, की अशा एका बाळाला हृदयाच्या त्रासासाठी प्रोप्रानोलॉल दिलं, आणि दुसऱ्याच दिवशी गाठीचा रंग उतरू लागला. आज त्या गाठीवर तेच पहिलं औषध आहे.

आणि मंचावरची भीती. लंडनमध्ये १९७७ साली तंतुवाद्य वाजवणाऱ्यांना बीटा-ब्लॉकर देऊन पाहिला, तर हात कापणं थांबलं आणि वादन सुधारलं. ही कीर्ती खेळाडूंपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. नेमबाज आणि तिरंदाज यांचा नेम दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणात असतो. ठोका पडताना बाण सुटला तर टोक हलतं. २००८च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जाँग-सूला प्रोप्रानोलॉल सापडल्यामुळे पिस्तुल नेमबाजीतलं रौप्य आणि कांस्य दोन्ही परत करावं लागलं. आमच्या जबलपुरात राज्य तिरंदाजी अकादमी आहे. इथल्याच मुस्कान किरारनं २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत महिला संघासोबत कंपाउंड प्रकाराचं रौप्य आणलं. इथली पोरं श्वासावर काम करून तो क्षण कमावतात. या दोन खेळांत स्पर्धेबाहेरही या औषधांना बंदी आहे, म्हणून अर्धशिशीसाठी कुणी सहज गोळी लिहून दिली, तरी या मुलांनी आधी प्रशिक्षकाला विचारावं. परीक्षेच्या किंवा मुलाखतीच्या सकाळी मित्राकडून गोळी मागून घेणाऱ्या मुलांबद्दल मात्र मला काळजी वाटते. त्यातल्या एखाद्याला दमा असतो, आणि त्याचा त्यालाच पत्ता नसतो.

कारण दम्याच्या रुग्णाच्या श्वासनलिका बीटा-२च उघड्या ठेवतो. प्रोप्रानोलॉल तो अडवतं, आणि इन्हेलरही मग नीट चालत नाही. मधुमेही माणसाची साखर इन्सुलिननं उतरली की धडधड आणि थरथर त्याला सावध करतात. बीटा-ब्लॉकरवर असताना ही सूचना दबते, उरतो तो फक्त घाम. तेव्हा घामाकडे लक्ष ठेवायचं. मधमाशीच्या डंखानं किंवा इंजेक्शननं जिवावरची ॲलर्जी झाली, तर ॲड्रेनलिनचं इंजेक्शनही अशा माणसाला कमी लागू पडतं. म्हणून आपण कोणती गोळी घेतो, हे कागदावर लिहून पाकिटात असावं. माझी एक तक्रार आहे. धडधड होते म्हणून आलेल्या तरुण बाईला बीटा-ब्लॉकर लिहून देण्याआधी तिचं हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासलं जावं. आपल्याकडे ती धडधड कितीदा तरी रक्त कमी असल्याची असते.

शेवटी गोळी बंद करण्याबद्दल. महिनोन्महिने बीटा ग्राहक अडवले, की पेशी त्यांची संख्या वाढवून ठेवते. गोळी अचानक थांबली, की मोकळ्या झालेल्या या सगळ्या ग्राहकांवर शरीरातलं नेहमीचंच ॲड्रेनलिन तुटून पडतं, आणि ज्याच्या धमन्या अरुंद आहेत त्याला झटका येऊ शकतो. गावाला जाताना पट्टी विसरली, औषधं संपली आणि दुकान बंद होतं, यात्रेत चार दिवस उपास धरला, असे साधे प्रसंग याला पुरतात. बंद करायचीच तर एक-दोन आठवड्यांत पायरीपायरीनं. फ्रान्समध्ये जुना झटका येऊन गेलेल्या ३,६९८ स्थिर रुग्णांवर याची चाचणी झाली, ती २०२४मध्ये छापून आली: गोळी थांबवलेल्यांत मृत्यू वाढले नाहीत, पण रक्तदाब आणि नाडी वाढली आणि छातीच्या तक्रारींसाठी दवाखान्यात भरती होणं वाढलं. तेव्हा ज्यांना दहा वर्षांपूर्वी झटका आला, स्टेंट बसला आणि अजून तीच मेटोप्रोलॉल चालू आहे, त्यांनी पुढच्या फेरीला डॉक्टरांना विचारावं, की ही गोळी आता झटक्यासाठी आहे, पंपिंगसाठी, रक्तदाबासाठी की धडधडीसाठी. उत्तर द्यायला त्यांना ताजा इको लागेल. दोन-तीन वर्षांत काढला नसेल तर आधी तो काढून घ्यावा.